रात्रीचं जेवण हलकं करायचंय? मग आधी ‘हलकं’ म्हणजे नक्की काय ते बघू

रात्री साडेदहाला जेवायचं, अकराला आडवं व्हायचं आणि मग नुसत्या कुशी बदलायच्या, पोट तट्ट, घशाशी आंबट, डोळा लागतो तो साडेबाराला आणि सकाळी उठल्यावर जीभ पांढरी, तोंडाला चव नाही, नाश्त्याची इच्छा नाही. हे तुमचं रोजचं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय.

आणि एक दुसरा प्रकारही असतो, तो मी स्वतः भोगलाय. रात्री हलकं खावं असं सगळीकडे ऐकून मी जवळजवळ दोन महिने रात्री काकडी-टोमॅटोचं सॅलड नाहीतर कोरडे कुरमुरे यावर काढले. झोप लवकर लागायची, पण पहाटे ३ ला टक्क जाग, पोटात खड्डा पडल्यासारखं, आणि मग सहा वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. शेवटी वैद्यांकडे गेले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की रात्री काय जेवता, मी सांगितलं सॅलड. ते म्हणाले, “हे हलकं नाही, हे कोरडं आणि थंड आहे.” त्या एका वाक्याने माझ्या डोक्यातला सगळा घोळ सुटला, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मला तेच आधी सांगावंसं वाटतं: रात्रीचं जेवण हलकं हवं, पण ते गरम हवं, ओलसर हवं, त्यात थोडं तूप हवं. हलकं म्हणजे उपाशी नाही.

आधी थोडं समजून घेऊया

आयुर्वेदात शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ सांगितलेत, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. म्हणजे जेवण आणि झोप एकाच रांगेत बसवलीयेत, एक बिघडलं की दुसऱ्याला धक्का बसणारच. या दोघांच्या मध्ये आहे तो जठराग्नी, म्हणजे अन्न पचवणारी पोटातली आग. दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा हा अग्नी चांगला पेटलेला असतो, संध्याकाळनंतर मंदावत जातो. चूल विझत आली की आपण तिच्यावर पुरणाचं पातेलं चढवत नाही, फार तर दूध कोमट करून घेतो, तसंच हे.

वैद्य लोक कफ, पित्त आणि वात या शरीरातल्या तीन दोषांप्रमाणे दिवसाचे भाग पाडून सांगतात की साधारण संध्याकाळी ६ ते १० कफाचा काळ, १० ते २ पित्ताचा आणि त्यानंतर पहाटेपर्यंत वाताचा. कफाच्या काळात अंग आपोआप जड होतं, जांभया येतात, तेव्हा झोपलं तर झोप सहज लागते. तो वेळ मोबाईलवर काढला की साडेदहा-अकराला पुन्हा तरतरी येते आणि भूकही लागते, फ्रीज उघडला जातो. आणि माझं ते पहाटे ३ चं जागं होणं वाताच्या काळातलं, कारण कोरडं-थंड खाऊन मी वातच वाढवत होते.

आता गुणांकडे या, कारण घोळ इथेच होतो. पदार्थ गुरु की लघु, म्हणजे पचायला जड की हलका, ही एक जोडी. स्निग्ध की रूक्ष, म्हणजे ओशट-ओलसर की कोरडा, ही वेगळी जोडी. कुरमुरे, खाकरा, डाएट चिवडा हे लघु आहेत पण रूक्षही आहेत. पनीर स्निग्ध आहे पण गुरु आहे. मुगाची मऊ खिचडी आणि वर चमचाभर तूप, हे लघु आणि स्निग्ध दोन्ही, रात्री आपल्याला हेच हवंय. चरकसंहितेत, म्हणजे चरकाच्या नावाने असलेल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, झोप न येणाऱ्या माणसासाठी जे उपाय दिलेत ते बघितले तर त्यात अंगाला तेल लावणं, स्नान, साळीचा भात, दूध, तूप-तेलासारखे स्नेह, मांसरस, मनाला सुख वाटेल असं वातावरण, असं सगळं आहे. त्या यादीत कोरडं काहीच नाही! झोपेला ओलावा लागतो, फक्त तो आपल्या अग्नीला पेलेल इतकाच द्यायचा.

हे आधी वाचा, मगच सुरू करा

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रात्रीचं जेवण आपल्या मनाने कमी करू नका, मध्यरात्री साखर एकदम उतरू शकते आणि ते फार धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ एकत्र बदलावी लागते. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीतली मुलं, वजन आधीच कमी असलेली म्हातारी माणसं यांनी जेवण कमी करायचं नाही, फक्त लवकर आणि सोपं करायचं. आणि जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, किंवा महिनोन्‌महिने झोपच नसणं, हे खिचडीने बरं होणारं नाही, त्याची तपासणी करून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी १: चार दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

एक जुनी वही घ्या. रोज रात्री किती वाजता जेवलात, काय जेवलात, किती वाजता आडवे झालात, मध्ये कधी जाग आली, सकाळी उठल्यावर भूक होती का, पोट साफ झालं का. एवढंच. अंदाजाने “मी तर आठलाच जेवतो” म्हणणाऱ्या माणसाच्या वहीत सलग तीन दिवस ९:४० निघतं, माझ्याच घरी बघितलंय. सकाळची नोंद जास्त महत्त्वाची, कारण रात्रीचं अन्न नीट पचलं की नाही हे सकाळीच कळतं. पचल्याची लक्षणं आयुर्वेदात अगदी सोपी सांगितलीत: ढेकर शुद्ध येणं, अंग हलकं वाटणं, उत्साह वाटणं, पोट वेळेवर साफ होणं, भूक आणि तहान नीट लागणं. यातलं किती जुळतंय ते मांडून ठेवा, महिन्याने तुलना करायला लागेल.

पायरी २: रात्र सुधारायची तर दुपारपासून सुरुवात

बहुतेक लोक थेट रात्रीच्या ताटाला हात घालतात आणि तिसऱ्या दिवशी फसतात. कारण साधं आहे, दुपारी धड जेवलेलेच नसतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डब्यात दोन गार पोळ्या आणि कोरडी भाजी, तीही कीबोर्डसमोर, मग रात्री घरी आल्यावर शरीर दिवसभराचं वसूल करणारच.

म्हणून पहिला आठवडा रात्रीला हातच लावू नका. दुपारचं जेवण भक्कम करा, साडेबारा ते दीडच्या दरम्यान. पोळी किंवा भाकरी, भाजी, उसळ, वरण-भात, ताक, कोशिंबीर, गोड खायचं असेल तर तेही दुपारीच. मटकीची उसळ, छोले, राजमा, पनीरची भाजी, अळूची पातळ भाजी, मटणाचा रस्सा, ज्या ज्या गोष्टींचा तुम्हाला रात्री त्रास होतो त्या सगळ्या दुपारकडे ढकला. खाणं सोडायचं नाहीये, घड्याळात त्याची जागा बदलायची आहे. ऑफिसच्या डब्यात शक्य असेल तर वरण किंवा आमटी थर्मासच्या डब्यात न्या, गरम ओलं पोटात गेलं की संध्याकाळची वखवख अर्ध्याने कमी होते, हे मी करून बघितलंय.

पायरी ३: संध्याकाळचं मधलं खाणं

५ ते ६ च्या दरम्यान काय खाता यावर रात्रीचं जेवण किती होणार ते ठरतं. स्टेशनबाहेर वडापाव किंवा समोसा खाल्ला तर आठला भूक नसते, मग जेवण दहावर जातं. आणि काहीच खाल्लं नाही तर आठला भूक इतकी कडकडून लागते की हात आवरत नाही. मधला मार्ग म्हणजे मूठभर काहीतरी: ज्वारीच्या लाह्या तुपावर परतून, एखादा राजगिऱ्याचा लाडू, ४-५ भिजवलेले बदाम आणि खजूर, एखादं फळ. फरसाण नको, त्याने तहान आणि भूक दोन्ही बिघडतात.

चहाचं बोलायलाच हवं. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, म्हणजे सात वाजताच्या चहातलं निम्मं रात्री बारापर्यंत अंगात असतं. शेवटचा चहा चारला संपवा. ज्यांना संध्याकाळी हातात कप लागतोच त्यांनी धने-जिऱ्याचं गरम पाणी नाहीतर गवती चहाची पात आणि आलं उकळून प्यावं, चहाची पूड न घालता.

पायरी ४: वेळ हळूहळू मागे आणा

नियम एवढाच की जेवण आणि झोप यात अडीच-तीन तासांचं अंतर हवं. साडेदहाला झोपायचं तर साडेसात-आठपर्यंत जेवण उरकलेलं हवं. यात आयुर्वेद आणि आजचे पोटाचे डॉक्टर यांचं एकमत आहे, भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं, ते शरीरशास्त्रच आहे. जैन घरांमध्ये सूर्यास्ताच्या आत जेवायची पद्धत आहे, तसं जमलं तर उत्तमच.

पण आज साडेदहाला जेवणाऱ्याने उद्या एकदम साडेसातला जेवू नये, भूकच नसते आणि मग दहाला पुन्हा खाणं होतं. आठवड्याला अर्धा तास मागे घ्या. साडेदहाचे दहा, दहाचे साडेनऊ, असं करत दीड महिन्यात तुम्ही साडेसातला येता.

आता खरी अडचण, जी मुंबई-ठाणे-कल्याणकडच्या लोकांना रोज असते: घरी पोचतानाच साडेनऊ वाजतात. त्यांच्यासाठी एकच उपाय चालतो, जेवण दोन भागात तोडायचं. घन भाग, म्हणजे पोळी-भाजी किंवा भाजी घालून केलेली दलियाची खिचडी, सहा-साडेसहाला ऑफिसमध्येच डब्यातून खाऊन घ्यायचा, आणि घरी आल्यावर फक्त वाटीभर गरम कढण (मुगाचं पातळ सार, कृती पुढे आहे) किंवा पातळ पेज घरच्यांसोबत बसून प्यायची. घरच्यांसोबत बसणं महत्त्वाचं आहे, ते सोडू नका, नाहीतर हा बदल घरात कुणालाच आवडत नाही. परदेशात असाल, समजा लंडनला, तर जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो, तिथे सूर्यास्ताकडे न बघता झोपेच्या वेळेपासून उलटे तीन तास मोजा.

पायरी ५: ताटात नक्की काय

माझ्या मते नवशिक्याने पहिले १५ दिवस चार-पाचच पदार्थ ठरवून घ्यावेत आणि तेच फिरवावेत. रोज नवीन काय करू हा विचार आला की माणूस कंटाळून पार्सल मागवतो.

पहिला पदार्थ मुगाची मऊ खिचडी, आणि ती मी सविस्तर सांगते कारण बहुतेक घरी ती पुलावासारखी मोकळी करतात, ती रात्री चालत नाही. दोन माणसांना अर्धी वाटी तांदूळ, जुने असले तर फारच छान, वर्षभर ठेवलेला तांदूळ नव्यापेक्षा पचायला हलका असतो, आणि अर्धी वाटी पिवळी मूगडाळ. दोन्ही धुऊन चाळणीत १५ मिनिटं निथळत ठेवा. कुकरमध्येच चमचाभर तूप, त्यात जिरं तडतडलं की चिमूटभर हिंग, किसलेलं आलं, आणि मग डाळ-तांदूळ घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. ही परतायची पायरी गाळू नका, भाजलेला तांदूळ आणखी हलका होतो, आणि खमंग वास सुटला की तुम्हालाच कळतं. हळद, मीठ आणि पाच वाट्या गरम पाणी. मंद आचेवर ४-५ शिट्ट्या, वाफ आपली आपण जिरू द्या. झाकण काढल्यावर डावाने ढवळा आणि डाव उलटा करून बघा, खिचडी हळूहळू ओघळली पाहिजे, गोळा होऊन पडली तर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून पुन्हा ढवळा. वाढताना वरून अर्धा-एक चमचा तूप. लोणचं-पापड घेऊन बसू नका, फार तर लिंबाची फोड किंवा आमसुलाचं सार.

दुसरं, मुगाचं कढण. हिरवे मूग कुकरला मऊ शिजवायचे, घोटून गाळायचे, तूप-जिऱ्याची फोडणी, आमसूल, मीठ, किंचित गूळ. खूप थकून आलेल्या दिवशी हे एक वाडगाभर आणि मऊ भात दोन घास, बास होतं.

तिसरं, ज्वारीची भाकरी आणि फळभाजी: दुधी, पडवळ, दोडका, घोसाळं, लाल भोपळा. रसदार करा, कोरडी नको, तिखट कमी. दुधी चिरताना एक बारीक फोड जिभेवर लावून बघा, कडू लागला तर अख्खा टाकून द्या, कडू दुधी विषारी असतो, शिजवून त्याचा कडूपणा जात नाही. ज्वारी स्वभावाने जरा कोरडी, म्हणून भाकरीला तूप लावायचंच.

मग गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप, लहानपणी आजारी पडल्यावर मिळायचा तोच. कोकणातल्या लोकांना पेज सांगायची गरज नाही, उकड्या तांदळाची गरम पेज रात्रीही उत्तम. आणि आमच्या सोलापूरकडे जुनी माणसं रात्री दूध-भाकरी कुस्करून खायची, गरम दुधात, त्या भाकरीत मीठ नसतं हे लक्षात घ्या, कारण दूध आणि मीठ एकत्र आयुर्वेदाला मान्य नाही. नॉनव्हेज खाणाऱ्यांना रात्री काही हवंच असेल तर चिकनचं पातळ सूप किंवा माशाचं पातळ कालवण आणि भात, पण मग त्या रात्री वरून दूध प्यायचं नाही, मासे आणि दूध हा तर विरुद्ध आहार म्हणून सगळ्यांनाच माहीत आहे.

फसवे पदार्थ: साबुदाणा खिचडी बिलकुल हलकी नाही, साबुदाणा-दाणे-बटाटा तिन्ही जड. पिठलं-भात पटकन होतो म्हणून रात्री केला जातो पण बेसनाने ज्यांना गॅस धरतो त्यांनी तो दुपारी खावा. थालीपीठाच्या भाजणीत उडीद-हरभरा असतो. इडली-डोसा मऊ लागतो पण उडीद आणि आंबवण आहे. इन्स्टंट नूडल्स म्हणजे मैदाच.

दही, कच्चं आणि गार

रात्री दही खाऊ नये हे चरकाने अगदी स्पष्ट लिहिलंय. दही जड आणि कफ वाढवणारं, रात्री खाल्लं की सकाळी घसा धरतो, नाक चोंदतं, अनेकांना याचा अनुभव आहे. दहीभात, कढी, रायतं सगळं दुपारी. ताकही आमचे वैद्य दुपारचंच सांगतात. कच्चं सॅलड, मोड आलेली कच्ची कडधान्यं, फ्रीजमधून काढलेलं फळ, आईस्क्रीम, हे रात्रीच्या मंद अग्नीला शिजवायचं जास्तीचं काम देतात. तेच गाजर-बीट-दुधी शिजवून सूप करून प्या, कुणी अडवलं नाही. आणि कालची शिळी भाजी रात्री संपवायची सवय मोडायला हवी, मलाही ती मोडायला वेळ लागला, अन्न टाकवत नाही ना आपल्याला. उपाय एकच, दुपारी मोजून करायचं.

पायरी ६: किती खायचं आणि कसं

वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात पोटाचे चार भाग कल्पायला सांगितलेत, दोन भाग अन्न, एक भाग पातळ पदार्थ आणि चौथा वाऱ्याच्या हालचालीला रिकामा ठेवायचा. आणि पुढे असंही की जड पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंतच खावे आणि हलके पदार्थही पोट तुडुंब होईपर्यंत खाऊ नयेत. हे दुसरं फार लोक विसरतात. खिचडी हलकी आहे म्हणून तीन वेळा वाढून घेतली तर ती जडच झाली.

हाताशी धरायला सोपी खूण म्हणजे पहिला ढेकर. तो आला की थांबायचं, पुढचं वाढप नको. पण हा ढेकर कळायला लक्ष ताटाकडे हवं, टीव्हीवर सिरीयल आणि हातात मोबाईल असताना तो कळतच नाही, ढेकर येऊन जातो आणि आपण खातच असतो. फार भरभर नको, फार रेंगाळत नको, गप्पा-हशा नको, मन लावून जेवा असं चरकाने आहारविधीत म्हटलंय. मी घरात एवढंच केलं की फोन जेवताना दुसऱ्या खोलीत. पाणी घोट-घोट, कोमट, जेवता जेवता. जेवण झाल्यावर तांब्याभर गटागट पिऊ नका, आयुर्वेदाच्या मते पचन तर मंदावतंच आणि रात्री बाथरूमला उठावं लागतं ते वेगळं.

पायरी ७: जेवणापासून झोपेपर्यंत

जेवून लगेच सोफ्यावर लोळायचं नाही. थोडा वेळ ताठ बसा, मग शतपावली. आयुर्वेदाचे दुसरे जुने आचार्य सुश्रुत यांनी जेवल्यावर शंभर पावलं चालून डाव्या कुशीवर टेकावं असं सांगितलंय, आपल्याकडचा शतपावली शब्द त्यातूनच रुजलेला. घरातल्या घरात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, १०-१५ मिनिटं रमतगमत. घाम येईल असं भराभर चालू नका, तो व्यायाम झाला आणि झोपायच्या तोंडावर जोराचा व्यायाम केला की काहींची झोप पळते. झोपतानाही डावी कूस धरली तर ज्यांना घशाशी येतं त्यांना आराम पडतो.

दुधाबद्दल सगळेच विचारतात. दूध हे जेवणाचा भाग नाही, ते जेवणानंतर दीड-दोन तासांनी, लहान कपभर, गरम आणि रिकाम्यासारख्या वाटणाऱ्या पोटावर. म्हशीचं दूध चरकाने झोप न येणाऱ्याला आणि ज्याचा अग्नी फार तीव्र आहे त्याला हितकर म्हटलंय, पण ते गाईच्या दुधापेक्षा जड आहे, म्हणून पचन कमजोर असेल तर गाईचं, त्यात थोडं पाणी आणि सुंठ घालून उकळलेलं. जायफळ घालायचं तर सहाणेवर एक-दोन वेढे उगाळून, नाहीतर अगदी चिमटीत मावेल इतकीच पूड. जास्त जायफळ हे झोपेचं औषध नाही, त्याने गरगरतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं. ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांनी दूध सोडून द्या, काही बिघडत नाही.

आणि पायाला तेल. झोपायच्या आधी कोमट पाण्याने पाय धुऊन, पुसून, तळव्यांना तीळतेल किंवा साजूक तूप चोळायचं, घरात काशाची वाटी असेल तर तिने पाच-पाच मिनिटं तळवे घासायचे. आई माझ्या तळव्यांना लावायची तेव्हा वाटी फिरता फिरता तूप काळपट पडायचं आणि मी ते बघता बघताच झोपलेली असायचे. मोजे घाला म्हणजे चादर खराब होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांनी तेलकट पायाने फरशीवर उतरू नये, घसरायला होतं.

पहिले पंधरा दिवस काय होईल

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला भूक लागेल. ती खरी आहे की सवयीची ते ओळखायचं असेल तर विचार करा की आत्ता साधा गरम वरणभात दिला तर खाल का. खावासा वाटला तर भूक खरी, मग उपाशी झोपू नका, कपभर दूध किंवा चार चमचे पेज घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण वाढवा. फक्त चिवडाच हवासा वाटला तर ती सवय, पाच-सहा दिवसांत जाते. पहाटे ३ ला जाग येत असेल तर तुमचं जेवण फार कोरडं किंवा फार कमी झालंय, तूप आणि मात्रा थोडी वाढवा. झोप लागायलाच वेळ लागतोय आणि पोट जड आहे, तर उलट करा. ही दुरुस्ती ज्याची त्यानेच वही बघून करायची असते.

ऋतूही बघा. पावसाळ्यात अग्नी सगळ्यात मंद, तेव्हा पेज-कढण यावर भर. हिवाळ्यात रात्र मोठी आणि भूक तगडी, तेव्हा बाजरीची भाकरी, तीळ, थोडं जास्त तूप रात्रीही चालतं, पेज पिऊन झोपलात तर पहाटे भुकेने उठाल. घरातले बाकीचे वेगळं जेवणार असतील तर दोन स्वयंपाक मांडू नका, त्यांच्याच वरण-भातातलं वरण पातळ करून आणि भात मऊ करून घ्या.

संकष्टी, लग्न आणि पाहुणे

संकष्टीला चंद्रोदय बरेचदा नऊच्या पुढे असतो, दिवसभर उपास आणि मग साडेनऊ-दहाला मोदक, भजी, कुर्डया, पुरीसकट पूर्ण पान. त्या रात्री झोप न येणाऱ्यांनी एवढं करा: दिवसभर फक्त साबुदाणा-बटाटा न खाता फळं, दूध, राजगिरा, वरीचे तांदूळ घ्या म्हणजे रात्री पोट तुटून पडत नाही, उपास सोडताना वरण-भात-तूप-लिंबू आधी, मग एक उकडीचा मोदक तूप घालून, प्रसाद म्हणून मनापासून, आणि तळण घरच्यांना. देवाला पूर्ण नैवेद्य दाखवा, आपल्या पानात सगळं आलंच पाहिजे असं नाही. त्या दिवशी झोप तासभर उशिराच धरा, आणि शतपावली चुकवू नका.

लग्नाचं रिसेप्शन, मित्रांचं हॉटेल, महिन्यातून तीन-चार वेळा होणारच, आनंदाने जा. घरून वाटीभर कढण पिऊन निघालात तर तिथे निवडून खाता येतं. आणि तरीही जास्त झालंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला शिक्षा म्हणून उपाशी ठेवू नका आणि घड्याळ बघून नाश्ताही करू नका, सुंठ घातलेलं गरम पाणी घोट-घोट पीत राहा, आणि ढेकर शुद्ध येऊन भूक लागेल तेव्हा, मग ते अकरा वाजोत की एक, थेट दुपारचं जेवण जेवा.